प्लास्टरवरचा सूर्य

मुलांच्या हाडांच्या वॉर्डात सिस्टरची म्हणून एक खुर्ची होती. तिच्यावर कायम काहीतरी ठेवलेलं असायचं. कधी बँडेजचे गठ्ठे, कधी धुऊन आलेल्या चादरी, कधी घरी गेलेल्या एखाद्या पोराची विसरलेली टोपी. माणूस बसलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं, कारण ज्या बाईंची ती खुर्ची, त्यांना बसणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. अख्खं हॉस्पिटल त्यांना भिंगरी सिस्टर म्हणायचं. तोंडावर सिस्टर, पाठीमागे भिंगरी, आणि बाईंना दोन्ही माहीत होतं.

लहानपणी त्यांना स्वतःच्या नावापेक्षा ‘चुळबुळ करू नकोस’ हेच जास्त वेळा ऐकायला मिळालं होतं. शाळेत बाकावर उभं करायचे, तर ही पोर बाकावरही एका पायावरून दुसऱ्या पायावर. आई शिवणकाम करायची. मशीनवर बसली की आधी पोरीच्या फ्रॉकची कड खाटेच्या पायाखाली अडकवायची आणि मग कामाला लागायची. खोटं वाटेल, पण त्या फ्रॉकची कड फाटली, पोर काही थांबली नाही. मोठेपणी नर्स झाल्या तेव्हा आई म्हणाली होती की बरं झालं बाई, निदान आता चालायचा पगार तरी मिळेल. नवरा एका ग्रंथालयात कामाला, शांत, पुस्तकात नाक खुपसून बसणारा. पाहुणे आले की तो हटकून सांगायचा, आमच्याकडे पंखा लागत नाही, बायको आहे. पाहुणे हसायचे, सिस्टरही हसायच्या आणि तेवढ्यात उठून ओटा पुसून यायच्या.

तर अशा बाईंच्या वॉर्डात कमालीची शांतता असायची, हे ऐकून नवा माणूस चाटच पडायचा. हात मोडलेली, पाय मोडलेली, मांडीला वजन लटकवलेली पोरं, आणि हूं नाही की चूं नाही. त्याचं कारण सिस्टरांच्या खिशात होतं, नारिंगी रंगाचं एक जाड मार्कर पेन. फार वर्षांपूर्वी एक पोरगा असा काही रडायला लागला की त्याच्या मागोमाग सगळा वॉर्ड सुरात सूर मिसळून रडू लागला. सिस्टरांनी हात टेकले आणि सुचेल ते म्हणून त्याच्या प्लास्टरवर एक हसरा सूर्य काढला. पोरगा गप्प. शेजारच्यालाही सूर्य हवा झाला, मग त्याच्या शेजारच्याला. हळूहळू त्याचा कायदाच होऊन बसला. ड्रेसिंगला, सुईला, एक्स-रेला जो रडणार नाही त्याला सूर्य, आणि जो गळा काढील त्याला ढग. ढग असा एवढासा, बोराएवढा काढायच्या, गंमत म्हणून. पण पोरांना गंमत कळते तेवढी शिक्षाही कळते. ढगवाला पोरगा दिवसभर चादर ओढून प्लास्टर झाकून ठेवायचा.

मोठे डॉक्टर, म्हणजे तिथले मुख्य सर्जन, तर या शांततेवर जाम खूश होते. बाहेरून कुणी पाहुणा आला की त्याला वॉर्डच्या दारात उभं करायचे आणि म्हणायचे, ऐका, काही ऐकू येतंय का? पाहुण्याला काही ऐकू यायचं नाही. डॉक्टर असे छाती फुगवून हसायचे की जणू शांतता त्यांनीच शिवून ठेवलीय. सिस्टर लाजून तिसऱ्याच खाटेकडे पळायच्या. पण सांगायला हरकत नाही, त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणि मग ती पोरगी आली.

तेरा वर्षांची. उतारावरून सायकल सुटली, ब्रेक लागला नाही आणि ती उभ्या ट्रकच्या मागच्या फळीवर जाऊन आदळली. उजव्या पायाची नडगी मोडली होती. तिला घेऊन आलेला बाप छत्र्या दुरुस्त करणारा. काखेत एक मिटलेली छत्री तशीच धरून धावत आला होता, कुणाची ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. पोरीची आई नुकतीच बाळंत झालेली, तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. म्हणून परगावहून आत्याला बोलावून घेतलं. ही आत्या वर्षाकाठी एकदा भेटणारी, आल्याआल्या खाटेशेजारी बसून जपमाळेसारखं एकच वाक्य म्हणू लागली, ‘माझ्या भावाचंच नशीब असं का?’

मोठ्या डॉक्टरांनी बापाला एक्स-रे दाखवून नीट समजावलं. मुलांची नडगी बहुतेक वेळा नुसत्या प्लास्टरमध्ये जुळते, उगाच कुणी कापाकापी करत नाही. पण हिचं हाड ओढून जागेवर बसवलं तरी पुन्हा सरकत होतं. मोठ्या माणसाला घालतात तसा जाड दांडा वरून ठोकावा, तर हिचं वय वाढीचं. गुडघ्याखाली हाड जिथून वाढतं तिथे इजा झाली की पाय पुढे वाकडा वाढू शकतो. म्हणून ती जागा सोडून, थोडं खालून, दोन बाजूंनी दोन लवचीक सळ्या हाडाच्या पोकळीत सरकवायच्या. दोघी आतून ताण धरतात आणि हाडाला सरळ उभं ठेवतात.

“म्हणजे छत्रीच्या काड्या,” बाप म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. बापाने विचारलं की काडी तर गंजते. डॉक्टरांनी सांगितलं की ही गंजत नाही, आणि हाड पक्कं झालं की काढूनही टाकू. तेव्हा तो बिचारा हसल्यासारखं करून म्हणाला, मग आमची छत्री पुन्हा नीट उघडेल-मिटेल ना? आणि एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून रडू लागला. सिस्टरांनी त्याच्या हातातली छत्री घेतली, पाण्याचा पेला दिला आणि दहा कामं बाजूला ठेवून त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. म्हणजे त्यांच्या हिशेबाने उभ्या, तसे पाय हलतच होते.

ऑपरेशन सकाळी झालं आणि झकास झालं. सळ्या बसल्या, हाड रेषेत आलं, आधाराला खालून अर्धं प्लास्टर आणि त्यावर पांढरंशुभ्र बँडेज. मोठ्या डॉक्टरांनी नेहमीची ताकीद दिली. पोटरीतल्या स्नायूंभोवती एक घट्ट वेष्टन असतं, ते ताणत नाही. आत सूज वाढली की दाब चढतो, रक्त पोचेनासं होतं आणि स्नायू आतल्या आत मरायला लागतात. तसं झालं तर काही तासांत पाय कायमचा लुळा. बोटांच्या रंगावर जाऊ नका, तो शेवटी बदलतो. सगळ्यात आधी दुखणं बोलतं. सळ्या घातल्याच्या मानाने जास्त दुखतंय असं वाटलं तर मी जेवत असलो तरी उठवा. सिस्टरांना हे सगळं पाठ होतं. असे पाय त्यांनी पाहिले होते. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी घरी जाताना त्या पोरीच्या खाटेशी आल्या, पेन दाखवलं आणि म्हणाल्या, उद्यापर्यंत रडली नाहीस तर या बँडेजवर वॉर्डातला सगळ्यात मोठा सूर्य. पोरगी अर्धवट गुंगीत होती, पण तिने मान हलवली. शेजारच्या खाटेवर मांडी मोडलेली पाच वर्षांची एक चिमुरडी होती, तीन सूर्यांची मालकीण. तिने रात्री या नव्या ताईला सगळा कायदा समजावून दिला. आणि पोरंच ती, कायद्यात स्वतःची भर घातली. दुखतंय म्हटलं तरी ढग. औषध मागितलं तरी ढग. हे सिस्टरांना नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर कामावर आल्या तर पोरगी जागी होती आणि तिचं काहीतरी सारखं चाललेलं होतं. उशी वर घ्या. उशी काढा. चादर नको. चादर घाला. पाणी. किती वाजले? बाबा कधी येणार? पुन्हा पाणी, आणि दिलं तर प्यायचं नाही. आत्याने केसांतून हात फिरवला तर हात झटकून टाकला. बोटांनी चादरीचा काठ सोडवून सोडवून त्याचे दोरे काढले. आत्या वैतागून म्हणाली की ही पोर फार लाडावलीय, भावजयीने वळण म्हणून लावलेलं नाही.

सिस्टरांना मात्र त्या पोरीचा एकदम लळाच लागला. त्यांनी बोटं पाहिली, गुलाबी. हात लावून पाहिला, गरम. पायाच्या बोटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, हलव बघू. पोरीने दात आवळून अंगठा जरासा हलवला. “शाब्बास,” सिस्टर म्हणाल्या. दुखतंय का? नाही. औषध जास्तीचं देऊ का? नको. आणि लगेच, उशी वर घ्या ना. सिस्टरांनी उशी वर घेतली आणि हसून आत्याला म्हणाल्या की अहो, हिला रागावू नका, ही माझ्या जातीची आहे. आम्हाला एका जागी ठेवणं म्हणजे शिक्षाच. आणि तिचा गालगुच्चा घेऊन तिचं नावच ठेवलं, धाकटी भिंगरी.

राउंडला मोठे डॉक्टर आणि धाकट्या डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टरांनी पोरीला विचारलं, दुखतंय का? पोरीने सिस्टरांच्या खिशाकडे पाहिलं आणि म्हणाली, नाही. सिस्टरांनी कौतुकाने सांगितलं की कालपासून एकदाही तोंडातून आवाज नाही, फक्त चुळबुळ आहे, ती स्वभावाची आहे. धाकट्या डॉक्टरीणबाई जरा रेंगाळल्या, जास्तीचं औषध एकदाही मागितलं नाही का, असं विचारून घेतलं. नाही मागितलं, सिस्टर म्हणाल्या, आणि सिस्टरांच्या शब्दावर त्या वॉर्डात कुणी शंका घेत नसे. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

दुपार चढली तशी पोरीची चुळबुळ वाढत गेली. सिस्टर येता-जाता तिला चिडवत होत्या, जरा माझ्यासाठीपण ठेव गं थोडी भिंगरी. पोरगी हसायची. पण आता तिच्या ओठांवर घामाचे थेंब होते, आणि सिस्टरांना वाटलं, पंखा लांब आहे. त्यांनी टेबलफॅन उचलून तिच्या बाजूला आणून ठेवला.

भेटीच्या वेळेला बाप आला. काखेत छत्री होतीच, आता सवयीने. सिस्टर हातात औषधांचा ट्रे घेऊन दाराशीच भेटल्या आणि थट्टेच्या सुरात म्हणाल्या, “काय हो दादा, काय पोर आहे तुमची. घटकाभर म्हणून एका जागी ठरत नाही.”

बाप गोंधळून हसला. “कोण? आमचा ठोकळा?”

घरी तिला ठोकळाच म्हणतात, तो सांगू लागला. शाळेतून आली की दुकानात त्याच्या शेजारी बसते, तो काडीला टाका घालत असताना कापड ताणून धरते. तास-दोन तास. माशी बसली तरी हलत नाही. एका गिऱ्हाईकाला तर वाटलं होतं की कपड्याच्या दुकानातली बाहुली आणून बसवलीय. तिची आई म्हणते, हिला सकाळी ठेवावी आणि संध्याकाळी उचलावी. तो हे सांगत सांगत दोन पावलं पुढे आला, आणि त्याची नजर खाटेवर गेली. पोरगी मान इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होती.

“सिस्टर, हिला काय होतंय?” तो म्हणाला. “ही अशी नसते.”

हातातला ट्रे सिस्टरांनी कुठे ठेवला ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. सकाळपासूनची ती उशी, ते पाणी, ते चादरीचे दोरे, सगळं एकदम डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. हा स्वभाव नव्हता. ही पोर सकाळपासून सांगत होती, जेवढं सांगता येईल तेवढं सगळं सांगत होती, आणि आपण तिचे गालगुच्चे घेत होतो.

त्या खाटेपाशी गेल्या. दुखतंय का म्हणून विचारलं नाही. पायाचा अंगठा स्वतःच्या दोन बोटांत धरला आणि हळूच वर ओढला. पोरगी धनुष्यासारखी वाकली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, कारण तिने उशीचं टोक दातांत धरलं होतं. ते टोक पार ओलं होतं आणि कुरतडलेलं. सकाळपासून उशी वर का हवी होती ते सिस्टरांना तेव्हा कळलं.

पोरीने उशी तोंडातून काढली. “हे रडणं नाही धरायचं हं,” ती म्हणाली. “आवाज नाही आला.”

“ओरड बाळा,” सिस्टर म्हणाल्या. “सूर्य तुझाच आहे. तू ओरड.”

पोरीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, खरं की खोटं म्हणून. आणि मग ती जी ओरडली, त्याने वॉर्डच काय, खालचा मजलासुद्धा हादरला. धाकट्या डॉक्टरीणबाई कुणी बोलवायच्या आत धावत आल्या. बँडेज आतल्या कापसापर्यंत उभं कापलं, प्लास्टर बाजूला केलं, तरी दुखणं तसूभर कमी होईना. पोटरी हाताला हवा भरलेल्या ट्यूबसारखी टणक लागत होती. डॉक्टरीणबाईंनी एकदाच हात लावला आणि मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते खरोखरच जेवत होते. हात न धुता आले.

बापाला उभ्या उभ्याच सांगितलं. आत दाब चढलाय, पायाच्या दोन्ही बाजूंनी उभं कापून ते वेष्टन मोकळं करायला हवं, जखम काही दिवस तशीच उघडी ठेवायची, सूज उतरली की शिवायची. नाही केलं तर पाय राहणार नाही. बाप म्हणाला, कालच तर शिवलंय हो. पोरीला नेताना सिस्टर स्ट्रेचरला धरून थिएटरच्या दारापर्यंत गेल्या. दार बंद झालं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बाप, आणि समोर सिस्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाप छत्री उघडत होता आणि मिटत होता. तो खटका सिस्टरांना प्रत्येक फेरीला ऐकू येत होता. शेवटी त्या त्याच्यासमोर थांबल्या आणि सगळं सांगून टाकलं. सूर्य, ढग, धाकटी भिंगरी, काही म्हणजे काही लपवलं नाही. बापाने सगळं ऐकून घेतलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो उठला, छत्री उचलली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बाकावर जाऊन बसला. सिस्टरांची मग त्या बाजूला जायची हिंमत झाली नाही. त्या अर्ध्याच व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिल्या.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. अगदी काठावर सापडली, म्हणाले. वेष्टन उघडल्यावर स्नायू काळपट दिसत होते, पण हळूहळू रंग आला, बहुतेक सगळे जिवंत आहेत. पाय राहील. मात्र पाऊल वर उचलणारे स्नायू आणि त्यांची नस किती दुखावली आहे ते आज सांगता येत नाही. अंगठा वर उचलता आला तर जिंकलो. नाहीतर पाऊल लोंबतं राहील, चालताना फरफटेल. वाट बघायची.

सिस्टरांनी त्यांनाही सांगितलं. डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “सिस्टर, दारात माणसं आणून ती शांतता मिरवत मीच होतो.” आणि निघून गेले.

मग वाट बघणं सुरू झालं. ज्या बाईला चहा उकळेपर्यंत धीर धरता येत नव्हता, त्या बाईला. रोज सकाळी पहिलं काम, पोरीच्या पायाशी उभं राहायचं आणि म्हणायचं, अंगठा वर घे बघू. पोरगी प्रयत्न करायची. बोटं खाली दाबता येत होती, पण वर काही येईनात. पाऊल पडून. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. घरी आल्यावर सिस्टर फळीवरचे सगळे डबे खाली काढायच्या आणि पुसून परत लावायच्या. दुसऱ्या दिवशी तेच. माळ्यावरच्या ट्रंका उतरवून काढल्या. नवऱ्याने पंख्याची थट्टा बंद केली होती. तो पुस्तक मिटून उठायचा आणि त्या स्टुलावर चढल्या की काही न बोलता स्टूल धरून उभा राहायचा.

वॉर्डात त्यांनी नवा कायदा जाहीर केला. दुखलं की ओरडायचं, औषध हवं तर मागायचं, सूर्य सगळ्यांना. पोरांचा काही केल्या विश्वास बसेना. तीन सूर्यांच्या मालकिणीने खोदून खोदून विचारलं, मग ढग कुणाला? सिस्टर म्हणाल्या, ढग बंद. ती म्हणाली, पण मग न रडून काय फायदा? ड्रेसिंगच्या वेळी पोरं अजून ओठ दाबूनच धरत होती, आणि ती शांतता आता सिस्टरांना खायला उठत होती.

पोरगी त्यांच्याशी बोलत नव्हती. रागावली होती म्हणावं तर तसंही नाही. ती पुन्हा ठोकळा झाली होती. छताकडे बघत पडून राहायची, विचारलं तर हो-नाही. आत्या म्हणाली, बघा कशी शहाणी झालीय. सिस्टरांनी आत्याला इतक्या जोरात गप्प बसायला सांगितलं की पलीकडच्या खाटेवरचा पोरगा दचकून उठून बसला.

सूज उतरली, जखमा शिवून झाल्या. नंतरच्या एका सकाळी सिस्टर वरचं बँडेज बदलत होत्या. बाप नेहमीसारखा लांब, खिडकीपाशी उभा. बँडेजची शेवटची पट्टी जखमेच्या कडेला चिकटली होती. सिस्टरांनी ओलं करून सोडवायला घेतली, पण लक्ष सगळं अंगठ्याकडे, हात घाईचा. पट्टी खसकन निघाली.

“हळू ना!” पोरगी किंचाळली. “कळत नाही का तुम्हाला? दुखतं मला! किती दुखतं मला! कालपण दुखलं, रोज दुखतं, तुम्ही नुसत्या अंगठा अंगठा करता!” आणि रागाच्या भरात तिने पाय आपल्याकडे ओढून घेतला.

पाय ओढला आणि पाऊल त्याच्याबरोबर वर आलं. सगळं नाही, थोडंसंच. पण अंगठा, तो मेला अंगठा, छताकडे बघत होता.

पोरगी ओरडणं अर्धवट सोडून आपल्याच पायाकडे बघत राहिली. सिस्टरांच्या हातात ती ओली पट्टी तशीच होती. मग त्या म्हणाल्या, “पुन्हा ओरड.” पोरगी आता ओरडली नाही, पण अंगठा तिने पुन्हा वर घेतला. आणि पुन्हा घेतला. खिडकीपाशी छत्री खाली पडल्याचा आवाज झाला, आणि इतके दिवस व्हरांड्याचं अंतर राखून असलेला बाप खाटेपाशी येऊन पोरीचं पाऊल दोन्ही हातांत धरून रडत उभा राहिला. शेजारच्या चिमुरडीला वाटलं की ज्या अर्थी मोठं माणूसच रडतंय त्या अर्थी आज परवानगी आहे. तिने मांडी दुखत असल्याचं पहिल्यांदाच जाहीर करून भोकाड पसरलं. मग पलीकडचा पोरगा, मग त्याच्या पलीकडचा. पोरांनी वॉर्ड डोक्यावर घेतला.

सिस्टर मागे सरकल्या, आणि त्यांच्या म्हणून ठेवलेल्या त्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीवर धुतलेल्या चादरी होत्या, त्यांच्यावरच बसल्या. धाकट्या डॉक्टरीणबाई आवाज ऐकून दारात आल्या आणि बसलेल्या सिस्टर बघून त्यांना क्षणभर वाटलं, बाईंनाच काहीतरी झालं.

पोरीने हात पुढे केला. “पेन द्या,” ती म्हणाली.

सिस्टरांनी खिशातून मार्कर काढून दिलं. त्यांना वाटलं, ही आता आपल्या बँडेजवर आपला सूर्य आपणच काढणार, आणि काढू दे, तिच्या हक्काचाच आहे. पण पोरीने बँडेजला हात लावला नाही. तिने सिस्टरांना आणखी जवळ या म्हणून खूण केली. सिस्टरांनी खुर्ची चादरींसकट खाटेला लावली. पोरीने त्यांचा हात ओढून घेतला, पांढऱ्या बाहीची सुरकुती बापाला ताणून धरायला सांगितली, आणि त्या बाहीवर काढायला लागली. बोराएवढा नाही, चांगला तळहाताएवढा. ढग.

काढायला तिला बराच वेळ लागला, कारण ती पोर मुळातच सावकाश. ढगाच्या सगळ्या कडा तिने नीट पूर्ण केल्या. वॉर्डात गोंगाट चालूच होता. तेवढा सगळा वेळ सिस्टर हात पुढे धरून बसून होत्या, अजिबात न हलता.